न फाडलेला फोटो

पोर्तुगालच्या डोंगरांतल्या फ्रेशोझा गावात ज्या घरचा मुलगा फ्रान्सला निसटला, त्या घराच्या भिंतीवर फाटका फोटो असे. मधोमध फाडलेला आणि मागून कणकेच्या खळीनं पुन्हा जोडलेला. जोडाची रेघ कुणाच्या कपाळावरून जाई, कुणाच्या ओठांवरून. बाहेरून आलेल्याला वाटावं, या गावाला एक धड फोटो ठेवता येत नाही. पण त्या फाटक्या फोटोइतकी अभिमानाची वस्तू गावात दुसरी नव्हती.

रीत अशी होती. पोरगा लढाईची भरती चुकवून सीमेपलीकडे जायला निघाला, की आई त्याचा फोटो फाडायची. एक अर्धा चुलीवरच्या फळीवर, दुसरा पोराच्या बुटात. डोंगरवाटांनी, स्पेनच्या रानांतून वाटाड्या त्याला फ्रान्सला पोचवी. पोचला की पोरगा आपला अर्धा घरी धाडी. दोन्ही कडा जुळल्या, की वाटाड्याला त्याची मजुरी मिळे. शब्दावर नाही, सहीवर नाही, कडा जुळण्यावर सारा भरवसा.

एतेल्व्हिनाच्या भिंतीवरचा फोटो मात्र अखंड होता. गुळगुळीत, एकही सुरकुती नसलेला. त्यात तिचा पोरगा आदेरितू जत्रेतल्या फोटोवाल्यानं दिलेला उसना कोट घालून उभा होता आणि कोटाच्या बाह्या आखूड पडल्या म्हणून हसू दाबत होता.

एतेल्व्हिना मागावर बसणारी बाई. तिचा माग खिडकीशी होता. धोट्याचा खटखटाट ऐकून गाव वेळ ओळखायचं. नवरा, बेल्मिरू, लग्नानंतर थोड्याच वर्षांत डोंगरातल्या खाणीत दगडाखाली सापडला. तेव्हापासून ती काळ्या कपड्यांत. अंगावर काळं आणि हातात मात्र लाल, पिवळी, हिरवी लोकर, कारण गावातल्या पोरांच्या सणाचे पोशाख तीच विणायची. आपल्याकडे ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी बिनलग्नाची पोरं लाकडी मुखवटे घालतात, झालरींचे पोशाख चढवतात, कमरेला घंटा बांधून घरोघर धुडगूस घालतात, हे काय सांगायला हवं. एतेल्व्हिनाची झालर नाचली की शेकोटीला वारा लागल्यासारखी दिसे. शेजारच्या गावांतल्या बाया तिचा पोशाख उलटा करून पाहायच्या, गाठ कशी मारलीय ते शोधायला. गाठ कधी कुणाला सापडली नाही. हा तिचा गर्व होता आणि तिला तो शोभतही होता.

आदेरितू वीस वर्षांचा झाला त्या साली गावानं त्याला सणाचा मानकरी केलं. मुखवटेवाल्यांच्या पुढे चालणारा, गाडीवर उभा राहून वर्षभराच्या भानगडींवर कवनं म्हणणारा मानकरी. बापाविना वाढलेल्या पोराला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. एतेल्व्हिनानं त्या दिवशी माग थांबवला आणि दारात येऊन उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं, म्हणून.

पण त्याच वर्षी भरतीची तपासणीही झाली होती. आदेरितू धडधाकट ठरला. धडधाकट म्हणजे आफ्रिका. गिनी, अंगोला, मोझांबिक. नावं शाळेतल्या नकाशावर गुलाबी रंगात होती आणि मास्तर छडीनं दाखवून म्हणायचे, हे सगळं पोर्तुगालच. त्या गुलाबी रंगात कितीतरी वर्षं लढाई चालली होती, आणि कशासाठी ते विचारायची सोय नव्हती.

शेजारीण झुल्मीराचा फिर्मिनू आदेरितूचा जिवलग. दोघांनी एकत्रच जायचं ठरवलं. वाटाड्याला सगळे कोल्हा म्हणत; खरं नाव त्याच्या बायकोला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. नोव्हेंबरच्या शेवटी, चेस्टनट वेचून झाल्यावर, संध्याकाळी तो एतेल्व्हिनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"मावशी, बर्फ पडायच्या आत निघायचं. या आठवड्यात."

"या आठवड्यात कसं?" एतेल्व्हिना म्हणाली. "सण व्हायचाय."

"सण दरवर्षी येतो."

"मानकरी दरवर्षी होत नाही माझा पोरगा."

कोल्ह्यानं सूप फुंकत आदेरितूकडे पाहिलं. "तू काय म्हणतोस रे? तोंड आहे ना तुला?"

"आई म्हणतेय तर..." आदेरितू म्हणाला. मग हसला. "आणि मलाही थोडं बोलायचंय त्या गाडीवरून."

"मानकऱ्यानं सणाआधी पाठ फिरवली तर घराला नाव पडतं," एतेल्व्हिना म्हणाली. "बेल्मिरूच्या घराला पळपुट्यांचं घर म्हणतील. सण झाला की ने. मी स्वतःच्या हातानं फोटो फाडून देते."

"फोटो आत्ता फाड मावशी," कोल्हा म्हणाला. "बाकी सगळं नंतर कर."

तिनं फाडला नाही. फोटो पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि पेटीत पोशाखाच्या घडीखाली ठेवला. त्या आठवड्यात फिर्मिनू गेला. महिन्याभरात त्याचा अर्धा फोटो आला. झुल्मीरानं कडा जुळवल्या आणि अंगणात बसून मोठ्यानं रडली, लग्नघरात रडतात तसं.

सणाच्या दिवशी असा पोशाख गावानं पाहिला नव्हता. आदेरितू चालला की तिन्ही रंग त्याच्या मागून धावायचे. एतेल्व्हिना चर्चच्या पायरीवर उभी होती. बायांनी तिला पुढे जागा करून दिली होती. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत भरलेला दिवस. पुढे तिला त्या दिवसाचा इतका राग आला, की सूर्य कुठून उगवला होता तेसुद्धा ती विसरू शकली नाही.

आदेरितू बैलगाडीवर चढला. आधी नेहमीसारखं झालं: कुणाची कोंबडी कुणाच्या हंड्यात शिजली, दारूवाल्यानं पिंपात विहीर कशी ओतली. लोक पोट धरून हसत होते. मग मुखवट्याआडून तो म्हणाला:

"बेंतूचं गाढव मेलं तर आठवडाभर रडला गाव,
पोरगं मेलं गिनीत, त्याचा कुणी घेतला ठाव?
जमीन तिथली कुणाची अन् पीक तिथलं कुणाचं?
आमच्या हाती बंदूक दिली, भांडण होतं कुणाचं?"

पहिल्या ओळीला लोक हसले. दुसरीला हसू अर्ध्यावर राहिलं. चौथ्या ओळीनंतर फक्त बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. चौकाच्या कडेला पोलिसांचा हवालदार उभा होता. त्यानं टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

सणात मुखवटेवाल्याला कुणी अडवायचं नाही, ही जुनी चाल. हवालदारानं ती पाळली. मुखवटा उतरल्यानंतरचं मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. थोड्याच दिवसांत गावाबाहेरच्या वाटेवर पहारा बसला. कोल्हा निरोप न देता एकदाच आला आणि दारातूनच बोलला.

"त्या पोराला मी नेऊ शकत नाही मावशी. त्याच्यावर नजर आहे. त्याच्यापायी सगळ्यांचीच वाट बंद होईल."

"तुला हवं ते देते."

"मला काही नको." तो जायला वळला. "नोव्हेंबरात दिला असतास तर आज मी मजुरी मागायला आलो असतो."

आदेरितू जानेवारीत गेला, लष्कराच्या ट्रकमधून. जाताना त्यानं आईला म्हटलं, "पोशाख जपून ठेव. पुढच्या मानकऱ्याला द्यायचाय." तिनं त्याला फोटो देऊ केला. तो म्हणाला, "अख्खा कशाला नेऊ? आणि अर्धा कुणाला दाखवू? राहू दे तुझ्याकडेच."

त्या फोटोला मग भिंत मिळाली.

वर्ष सरायच्या आत बातमी घेऊन फादर आणि हवालदार एकत्र आले. त्या दोघांना एकत्र येताना पाहिलं की गल्लीतल्या प्रत्येक आईचे हात जिथे असतील तिथे थांबायचे. ते झुल्मीराच्या दारावरून पुढे गेले. एतेल्व्हिनानं धोटा टाकला होता तो पलीकडे पोचून तसाच राहिला.

शवपेटी शिशाची आली, झाळून बंद केलेली. उघडायची नाही, असा हुकूम होता. तिनं पेटीवर दोन्ही हात पसरून ठेवले, वजन करावं तसे. "यात माझा पोरगाच आहे कशावरून?" ती म्हणाली. उत्तर तिला नकोच होतं.

नंतर एतेल्व्हिनानं रंगीत लोकर हातात धरली नाही. काळी विणायची, करडी विणायची. गावात नाचायला पोरंही उरली नव्हती. काही फ्रान्सला, काही आफ्रिकेत. सणाच्या दिवशी म्हातारेच मुखवटे घालून दोन घरं फिरायचे आणि खोकत परत यायचे. झुल्मीरा रोज येऊन बसे, पण आपल्या पोराबद्दल शब्द काढत नसे. तिच्या भिंतीवरचा जोडलेला फोटोही तिनं स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत नेला होता, मैत्रिणीला दिसू नये म्हणून. एतेल्व्हिनाला ते कळलं होतं.

पुढच्या वर्षी, पुन्हा चेस्टनटच्या दिवसांत, एक उंच माणूस दार विचारत आला. साधे कपडे, पण चाल सैनिकाची.

"बाई, मी कॅप्टन पेस्ताना. आदेरितू माझ्या तुकडीत होता."

"मग बसा," एतेल्व्हिना म्हणाली. त्याच्यापुढे तिनं काळा पाव, धुरावलेलं मांस आणि दारू ठेवली. घरी आलेल्याला आधी खाऊ घालायचं, मग विचारायचं. त्यानं दोन घास खाल्ले आणि चाकू खाली ठेवला.

"तुमचा मुलगा संध्याकाळी आम्हाला कवनं म्हणून दाखवायचा. डब्याच्या पत्र्याचा मुखवटा केला होता त्यानं. गाढवाचं ते कवन..."

"मला माहीत आहे ते कवन."

"पहिल्यांदा आम्ही अधिकारी खूप हसलो. मग कुणीच हसेना. दुसऱ्या दिवशी जेवताना एकजण म्हणाला, खरंच, जमीन कुणाची आहे? तोपर्यंत हे मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं." तो चुलीकडे पाहत बोलत होता. "विद्यापीठातून सक्तीनं आणलेली पोरं होती आमच्यात. त्यांच्या सामानात पुस्तकं असायची. शत्रू रानात पत्रकं टाकून जायचा, ती आम्ही आधी जाळायचो. मग वाचून जाळायला लागलो. मग नुसती वाचायला."

"ती जमीन कुणाची आहे, साहेब?"

"तिथल्या लोकांची."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या फेरीत. गिनीत मी दोनदा गेलो."

"आणि माझा पोरगा?"

कॅप्टननं पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "दुसऱ्या फेरीत."

चुलीतलं लाकूड तडकलं. एतेल्व्हिनानं ते चिमट्यानं सरळ केलं.

"मग मधल्या काळात काय करत होता तुम्ही?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण हाच प्रश्न ती स्वतःलाही विचारत होती. नोव्हेंबर ते ख्रिसमस, मधल्या काळात काय करत होतीस गं तू? झालर विणत होते.

"पोरं तुमच्या शब्दावर चालतात," ती म्हणाली. "बंदुका तुमच्याकडे. माझ्याकडे माग आहे. मी थांबवू शकले असते एका पोराला, तेही केलं नाही. तुम्ही तर सगळ्यांना थांबवू शकता."

"आम्ही बोलतोय, बाई. आपापसांत."

"बोला. कोल्हासुद्धा बोलायचा. पण तो चालायचाही."

ती उठली. भिंतीवरचा फोटो उतरवला, चौकटीतून काढला. कॅप्टन काही बोलायच्या आत तिनं तो मधोमध फाडला. रेघ वाकडी गेली. आदेरितूच्या एका डोळ्याजवळून खाली, दाबलेल्या हसण्यावरून. ज्या बाईची गाठ आजवर कुणाला सापडली नव्हती, तिला एक कागद सरळ फाडता आला नाही.

"हा अर्धा घ्या. आमच्याकडे माणूस पोचला की हा परत येतो. माझा तर पोचायचा नाही. पण ज्या दिवशी ही सगळी पोरं घरी यायला निघतील, त्या दिवशी हा मला धाडा. वाटाड्याची मजुरी मी देईन."

"बाई, मला मजुरी..."

"मजुरी ठरली नाही तर वाटाडा अर्ध्यात सोडून जातो. ठरली."

कॅप्टननं अर्धा फोटो हातात धरला. मग वाकून बुटाची नाडी सोडली आणि तो बुटात ठेवला. ही रीत त्याला कुणी सांगितली होती ते एतेल्व्हिनानं विचारलं नाही. आदेरितूनंच सांगितली असणार.

चौकट रिकामीच भिंतीवर गेली. अर्धा फोटो चुलीवरच्या फळीवर उभा राहिला आणि काजळी धरू लागला.

एप्रिलमध्ये, फळझाडं फुललेली असताना, झुल्मीरा एप्रनला पीठ तसंच घेऊन धावत आली.

"एतेल्व्हिना! रेडिओ! लिस्बनमध्ये रणगाडे उतरलेत!"

"कुठलं सैन्य?"

"आपलंच!"

"आपलं सैन्य कुणावर चालून गेलंय?"

"सरकारवर गं! आणि गोळ्या नाही झाडत म्हणे. लोक त्यांना दूध देतायत, सिगारेटी देतायत. बंदुकीच्या नळीत लाल फुलं खोवलीत." ती दम घ्यायला थांबली. "कॅप्टन लोकांनी केलंय सगळं, असं सांगतायत."

एतेल्व्हिना मागावरच बसली होती. तिनं धाग्यावरून बोट फिरवलं, तुटलाय का पाहावं तसं. मग उठून दारूच्या दुकानाकडे गेली. तिथे सारा गाव रेडिओभोवती उभा होता. हवालदारही होता, मागे, टोपी हातात धरून. गाणी वाजत होती, मधेच कुणीतरी कागद वाचत होतं. लोक तिला पाहून बाजूला झाले, चर्चच्या पायरीवर झाले होते तसेच. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. घरी परत येताना ती झुल्मीराला एवढंच म्हणाली, "आवाज तरुण आहे गं वाचणाऱ्याचा."

सरकार एका दिवसात गेलं, पण पोरं लगेच आली नाहीत. तहाची बोलणी होती, जहाजं होती, उशीर होता. उन्हाळा वर आला. एतेल्व्हिना रोज फळीवरचा अर्धा पुसायची. आणि जुलैच्या एका दुपारी, मळणीच्या धुळीत, एक उन्हानं करपलेला शिपाई दारात उभा राहिला.

"एतेल्व्हिना मावशी तुम्हीच? कॅप्टन पेस्तानांनी धाडलंय. त्यांना यायचं होतं, पण ते गिनीत आहेत. छावण्या आवरतायत. आपली माणसं परत पाठवतायत." त्यानं बूट काढला. घामानं, लाल मातीनं तपकिरी झालेला अर्धा फोटो बाहेर काढला. "म्हणाले, मजुरी नको म्हणून सांग."

"नको कसं?" एतेल्व्हिना म्हणाली. "आमच्या गावात वाटाड्याची मजुरी कुणी बुडवली नाही."

तिनं दोन्ही अर्धे टेबलावर ठेवले. एक काजळीनं काळवंडलेला, एक तांबडा. कडा जुळल्या. वाकडी असली तरी रेघ जुळलीच. फक्त रंग जुळला नाही; तिच्या पोराचा अर्धा चेहरा घरात म्हातारा झाला होता आणि अर्धा आफ्रिकेत. तिनं कणकेची खळ केली, मागून कागद लावला, आणि फोटो चौकटीत घातला. आता गावातल्या सगळ्या घरांसारखाच तिच्याही घरात फाटका फोटो होता. ती त्याच्यापुढे बसून रडली. पण झुल्मीरा रडली होती तसं नाही. तसलं रडणं तिच्या वाट्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून धोट्याचा आवाज आला. कॅप्टनसाठी घोंगडी. तळाला काळी लोकर आणि काठाला झालर, लाल, पिवळी, हिरवी.

झालर निम्मी झाली असताना फिर्मिनू घरी आला. उघडपणे, दिवसाढवळ्या, सुटकेस घेऊन. झुल्मीरानं त्याला गल्लीतून शालीआड घेऊन नेलं, जणू चोरीचा माल. एतेल्व्हिनानं खिडकीतून पाहिलं आणि हाक मारली.

"झुल्मीरा! लपवतेस काय? हस की मेले! आण त्याला इकडे."

फिर्मिनू येऊन उंबऱ्यावर बसला. अंगानं भरला होता. जमिनीवरच्या लोकरीच्या तुकड्यांशी चाळा करत होता.

"तिथे थंडी असते का रे?" एतेल्व्हिनानं माग न थांबवता विचारलं.

"असते मावशी. पण आपल्याइतकी नाही."

"त्याला काम मिळालं असतं?"

"माझ्याच मुकादमाकडे. मी बोलून ठेवलं होतं." फिर्मिनू एकदम बोलून गेला, "माझ्या खोलीत दुसरी खाट होती. घरमालकीण म्हणायची, कुणाला तरी दे. मी म्हणायचो, सण झाला की येतोय तो. बरेच दिवस देऊ दिली नाही मी."

धोटा एका बाजूला थांबला. खिडकीतून येणारं ऊन झालरीच्या लाल रंगावर पडलं होतं.

"तुला सांगते फिर्मिनू," ती म्हणाली, "तुझ्याबरोबर धाडायला हवा होता. पोशाख दुसरा कुणी घातला असता."

"मावशी..."

"नको. काही म्हणू नकोस." तिनं डोळे पुसले आणि झालर दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरली. "हे बघ. तुझे डोळे अजून चांगले आहेत. लाल जास्त झाला का?"

फिर्मिनूनं झालरीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या जोडलेल्या फोटोकडे.

"आदेरितू म्हणाला असता, अजून घाल."

"हो," एतेल्व्हिना म्हणाली. "त्याला कधी पुरे पडलाच नाही." आणि तिनं टोपलीतून लाल धागा काढला.